तोफगोळ्यांचा व्यापार आणि सरकारचे दप्तर

१९९५ सालच्या डिसेंबर महिन्यात आपल्या हवाई दलाने एक परदेशी विमान अंधेरीलगतच्या विमानतळावर बळेच उतरविले. विमान जुने, सोव्हिएत बनावटीचे होते. त्यात लाटव्हिया देशाचे पाच वैमानिक व त्यांचे साथीदार, पीटर ब्लीच नावाचा एक इंग्रज शस्त्रव्यापारी आणि किम डेव्ही असे नाव सांगणारा डेन्मार्कचा एक इसम होता. पहिले सहा जण पकडले गेले. सातवा, म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून सारा कारभार झाला तो डेव्ही, त्याच विमानतळावरून निसटला. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या न्यायालयाने त्यास हिंदुस्थानच्या स्वाधीन करण्यास पुन्हा नकार दिला. अंधेरी, पार्ले, मरोळकडच्या वडीलधाऱ्या मंडळींस त्या दिवसांतला गलबला आठवत असेल.

हे विमान येथे उतरण्यापूर्वी काय करून आले होते? १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालातील पुरुलिया जिल्ह्यावर त्याने छत्र्या बांधलेल्या पेट्या सोडल्या होत्या. त्यांत शेकडो एके-४७ बंदुका व लाखो काडतुसे होती. सकाळी शेतावर गेलेल्या गावकऱ्यांस बांधाबांधांवर, तळ्याकाठी युद्धाचे सामान पडलेले आढळले. ज्यांनी आयुष्यात साधी भरमार बंदूक हाती धरली नव्हती, त्यांच्या गावांत मग पोलिसांचे झडतीसत्र सुरू झाले. गुन्हा करणारे आकाशातून निघून गेले आणि जाब खाली राहणाऱ्यांस विचारण्यात आला. हा न्याय आमच्या शेतकऱ्यास नवा नाही.

आता ह्या बंदुका आल्या कोठून? त्या चोरीच्या नव्हत्या. बल्गेरिया देशात रीतसर विकत घेतलेल्या होत्या. खरेदीच्या वेळी जो दाखला पुढे करण्यात आला, तो बांगलादेश सरकारच्या नावाचा होता: माल आमच्यासाठी आहे, आम्हीच वापरणार आहोत. विकणाऱ्या देशाच्या कारकुनाने कागद पाहिला, शिक्का पाहिला, सही पाहिली आणि दप्तर बंद केले. ढाक्यास तार करून खरेखोटे करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. वाटेत हे विमान आपल्याच वाराणसीच्या विमानतळावर थांबले. तेथेही पेट्यांत काय आहे हे कोणी पाहिले नाही. आणि ब्रिटिश सरकारकडून दिल्लीस आगाऊ सूचना मिळालेली असताना हे घडले, हे तर त्याहून मोठे नवल.

आम्ही स्वतः मास्तर असल्यामुळे कागदाची ही जादू आम्हांस चांगली परिचयाची आहे. तपासणीस येणारे साहेब हजेरीपट पाहतात. पटावर पोरे भरलेली दिसली की शाळा भरली! पोरे भातलावणीस गेली आहेत हे कळण्यासाठी वर्गात डोकवावे लागते, आणि तितका वेळ साहेबांजवळ नसतो. हजेरीपटाच्या खोटेपणाने एखाद्या पोराचे वर्ष बुडते. बंदुकीच्या दाखल्याच्या खोटेपणाने काय होते, ते पुरुलियाने पाहिले.

हा तीस वर्षांपूर्वीचा किस्सा आम्ही आज का उकरून काढतो, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, त्या वेळी आपण माल अंगावर पडणाऱ्यांत होतो. आता माल विकणाऱ्यांत आहोत. २०१३-१४ साली ह्या देशातून ६८६ कोटी रुपयांचे युद्धसाहित्य बाहेर गेले. २०२४-२५ साली तो आकडा २३,६२२ कोटींवर गेला, आणि २०२८-२९ पर्यंत तो ५०,००० कोटींस नेऊन भिडविण्याचा सरकारचा निर्धार आहे. सुमारे ऐंशी देशांस हा माल जातो असे सरकार अभिमानाने सांगते. बल्गेरियाच्या त्या कारकुनाच्या खुर्चीवर आज आपला कारकून बसलेला आहे. म्हणून तो काय पाहतो व काय पाहत नाही, हे विचारणे आपले काम झाले आहे.

महाराष्ट्राच्या रयतेचे तर विशेष. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासूनचा. देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चंद्रपूर, नागपूरजवळचे अंबाझरी आणि मुलुंड-घाटकोपरच्या कामगारांस गाडीच्या टप्प्यात असलेले अंबरनाथ, ही सारी सरकारी शस्त्रकारखान्यांची ठिकाणे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. त्यांतली म्युनिशन्स इंडिया पुण्यास आणि यंत्र इंडिया नागपुरास बसविण्यात आली. अंबरनाथचा आयुध कारखाना ह्या यंत्र इंडियाच्या पदराखाली आला. म्हणजे तोफगोळा कोणाच्या अंगावर पडतो हा प्रश्न दिल्लीच्या मोठ्या लोकांचा आहे, असे म्हणून आपणांस हात झटकता येत नाहीत. तो ओतणारे, कातणारे, रंगविणारे हात आपल्याच घरांतले आहेत.

परवान्याची रीत काय आहे, ती थोडक्यात सांगतो. परदेशी व्यापाराचा १९९२ चा कायदा आहे. त्याखाली 'स्कोमेट' नावाची एक यादी असून तिच्या सहाव्या वर्गात लष्करी माल येतो. ह्या वर्गाचा परवाना संरक्षण खात्याचा उत्पादन विभाग देतो. परवाना मागणाऱ्याने खरेदीदाराचा अंतिम वापराचा दाखला जोडावा लागतो. माल पोचल्यावर जागेवर जाऊन पाहण्याचा हक्क सरकार राखून ठेवू शकते. परंतु असा हक्क किती वेळा बजावला, कोठे बजावला, त्यातून काय निघाले, ह्याचा हिशोब लोकांपुढे मांडण्याचा प्रघात नाही. २०२४-२५ ह्या एका वर्षात १,७६२ परवाने दिले गेले. आदल्या वर्षी १,५०७ दिले होते. सुट्ट्या वगळल्या तर दिवसाकाठी सहा-सात परवाने होतात. सरकारी पत्रकात ही वाढ यशाची खूण म्हणून छापली गेली. नाकारलेले किती, हा आकडा त्याच्या शेजारी शोभला असता.

आता ह्यातली सर्वांत मोठी गोम पाहा. परवाना देणारा जो उत्पादन विभाग, त्याच्याच ताब्यात यंत्र इंडिया आणि म्युनिशन्स इंडिया ह्या कंपन्या आहेत. निर्यात ५०,००० कोटींवर नेण्याची जबाबदारीही त्याच्याच शिरावर आहे. विकणारा तोच, विकण्याची परवानगी देणारा तोच, आणि विक्री वाढली नाही तर वरून बोलणी खाणाराही तोच. पूर्वी आमच्या खेड्यांत सावकारच रोखा लिही आणि त्याचाच भाऊबंद साक्ष घाली. कुळाने फक्त अंगठा उठवावयाचा. तेथे निदान सावकार कोण व साक्षीदार कोण ही दोन माणसे तरी वेगळी असत! कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, त्यामागची दृष्टी हीच होती की, दप्तर धरणाराचा त्या दप्तरात स्वार्थ नसावा. आज दिल्लीच्या खुर्चीवर कोणत्याही जातीचा मनुष्य बसो, कुलकर्ण्याचे दप्तर मात्र अजून जुन्याच रीतीने बांधलेले आहे.

ह्या रीतीचे फळ २०२४ च्या सप्टेंबरात जगापुढे आले. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने जकातीचे कागद आणि अकरा अधिकाऱ्यांचे व धंद्यातील माणसांचे म्हणणे ह्यांच्या आधारे असे प्रसिद्ध केले की, हिंदुस्थानात बनलेला तोफेचा दारूगोळा युरोपातील खरेदीदारांनी युक्रेनकडे वळविला व हे एक वर्षाहून अधिक काळ चालले होते. त्यात नागपूरच्या यंत्र इंडियाची रिकामी कवचे इटलीतील एक कंपनी विकत घेऊन त्यांत दारू भरते, असे सांगितले होते. यंत्र इंडिया, म्युनिशन्स इंडिया व पुण्याचीच एक खासगी कंपनी ह्या तिघींनी इटली, झेक, स्पेन व स्लोव्हेनिया ह्या देशांस युद्धापूर्वीच्या दोन वर्षांत २८ लाख डॉलरांचा माल पाठविला होता. फेब्रुवारी २०२२ ते जुलै २०२४ ह्या काळात तो १३ कोटी ५२ लाख डॉलरांवर गेला. रशियाने ह्याबद्दल दिल्लीकडे तक्रार केल्याचेही त्याच वृत्तात होते. आपल्या परराष्ट्र खात्याने हे वृत्त तर्कावर उभारलेले व दिशाभूल करणारे आहे, हिंदुस्थानने कोणताही नियम मोडलेला नाही, असे उत्तर दिले.

सरकारचे हे उत्तर खरे धरून चालू. नियम मोडला गेला नाही असे मानू. मग तर आमची शंका अधिकच वाढते. कारण नियम न मोडता जर माल हवा तेथे जाऊ शकत असेल, तर नियमातच भोक आहे. शेतकरी भात गिरणीवाल्यास विकतो, म्हणून भात खाणारा गिरणीवाला ठरत नाही. कवच रिकामे असते तोवर ते लोखंडाचे भांडे. त्यात दारू भरणारा कारखानदार त्याचा 'अंतिम' वापरणारा कसा होईल? अंतिम वापर तोफेच्या तोंडाशी होतो, आणि आपला दाखला गिरणीच्या दारातच संपतो. त्यात भर अशी की, सुट्या भागांच्या निर्यातीसाठी खरेदीदार देशाच्या सरकारचा शिक्का दाखल्यावर हवाच, ही अट सरकारने पूर्वीच सैल केली. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात एक खुला सर्वसाधारण परवाना काढला. तो एकदा घेतला की ठरलेल्या देशांस ठरलेला माल दर खेपेस न विचारता पाठविता येतो. तीन-तीन महिन्यांनी हिशोब द्यावा म्हणजे झाले. त्या ठरलेल्या देशांत इटली होती, आणि ठरलेल्या मालात स्फोटक द्रव्य न भरलेले दारूगोळ्याचे भाग होते. नागपूरची कवचे ह्याच परवान्यावर गेली असा आरोप आम्ही करीत नाही. दार कोठे उघडे आहे, तेवढे दाखवितो.

कोणी म्हणेल, तुम्ही रशियाची वकिली करता. तसे मुळीच नाही. परक्या फौजेने आपले शेत तुडविले तर युक्रेनच्या शेतकऱ्याने ते राखू नये काय? हिंदुस्थानने उघडपणे विचार करून त्यास गोळे दिले असते, तर तो एक निर्णय झाला असता. त्याची बरीवाईट चर्चा झाली असती, जबाबदारी कोणी तरी शिरावर घेतली असती. परंतु न ठरविता माल जावा, आणि कोणी विचारले की कानांवर हात ठेवावेत, हा राज्यकारभार नव्हे. आज तो माल आपणांस न्याय्य वाटणाऱ्या हाती पडला असेल, उद्या कोणाच्या हाती पडेल? स्वीडनची गोष्ट ह्यासाठी ऐकण्यासारखी आहे. बोफोर्स हे नाव आपल्याकडे तोफांच्या दलालीमुळे घरोघर माहीत झाले. पण स्वीडनमध्ये त्याच कंपनीचे दुसरे प्रकरण गाजले: सिंगापूरच्या नावे परवाना घेतलेली क्षेपणास्त्रे दुबई व बहरीन येथे पोचली होती. तेथे त्याचा खटला चालला आणि १९८९ साली कंपनीचे अधिकारी दोषी ठरले. आपल्याकडे बोफोर्सचा धडा घेतला गेला तो दलालीपुरता. दाखल्याचा धडा कोणी वाचलाच नाही.

दाद मागावी तर कोठे? २०२४ साली काही निवृत्त अधिकारी, विद्वान व समाजकार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. गाझातील युद्ध चालू असता इस्राएलला शस्त्रे पाठविण्याचे परवाने थांबवावेत, अशी त्यांची मागणी होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड ह्यांच्या पीठाने अर्ज फेटाळला. परराष्ट्र धोरण हे सरकारचे क्षेत्र आहे, न्यायालय त्यात हात घालू शकत नाही, असा त्याचा आशय होता. धोरण बरे की वाईट ह्यावर आपण मत देत नाही, हेही न्यायालयाने सांगून ठेवले. बरे, संसदेत विचारावे, तर मंत्री एकूण रकमेचा आकडा देतात. कोणत्या देशास कोणता माल गेला हे सामरिक कारणास्तव सांगता येत नाही, असे उत्तर येते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, तर २००५ च्या कायद्यातच सुरक्षेच्या नावाची पळवाट आहे. न्यायालय सरकारकडे बोट दाखविते, सरकार गुपिताकडे. रयत मध्ये उभी.

गुपिताचा हा बहाणा किती खरा आहे, ते आपल्या विक्रोळीवरून पाहा. ब्राह्मोस क्षेपणास्त्राचे सांगाडे विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात जोडले गेले, हे सर्वांस माहीत आहे. फिलिपिन्स देशाने जानेवारी २०२२ मध्ये ब्राह्मोसचा सौदा केला. किंमत सुमारे साडेसदतीस कोटी डॉलर. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली, तिची छायाचित्रे छापली गेली, पुढाऱ्यांनी भाषणे केली. घेणारा कोण, माल कोणता, पैसा किती, हे सारे उघड्यावर आले आणि देशाच्या सुरक्षेस ओरखडाही उमटला नाही. मग मिरवावयाचे असेल तेव्हा सारे उघड, आणि विचारले की गुपित, हा कोणता न्याय? ब्रिटनचे सरकार आपल्या परवान्यांची देशवार यादी नेमाने छापते. तेथील सरकारने २ सप्टेंबर २०२४ रोजी इस्राएलसाठीच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० तहकूब केले, तेही संसदेत सांगून. ब्रिटनचे सारे सोवळे आहे असे नव्हे. त्या देशाने जगास किती शस्त्रे विकली हे आम्ही जाणून आहो. पण तेथील मजुरास आपण ओतलेला गोळा कोणत्या देशाच्या नावे गेला हे वाचता येते. अंबरनाथच्या मजुरास येत नाही.

शस्त्रव्यापाराचा जागतिक करार २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, तेव्हा हिंदुस्थान तटस्थ राहिला. त्या वेळचा आपला मुख्य आक्षेप खरेदीदाराचा होता: विकणारे देश ऐन वेळी माल अडवून धरतील अशी आपणांस भीती होती. आता आपणच विक्रेते झालो. तरी तो जुना आक्षेप खुंटीवर तसाच टांगलेला आहे.

आता आमच्या काही वाचकांची जी खरी अडचण आहे, तिच्याकडे वळू. ह्या कारखान्यांवर हजारो घरांची चूल पेटते. आयुध कारखान्यात पोरगा लागला म्हणजे कुणब्याच्या, लोहाराच्या, महाराच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्यास पगार येऊ लागतो. निर्यात वाढली तर भरती होईल, ही आशा खोटी नाही. तेव्हा तुम्ही परवान्याची चौकशी मागून आमच्या भाकरीवर पाय देता, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास वाईट म्हणणार नाही. परंतु भावांनो, ह्या भाकरीत तुमचा शब्द किती आहे, ते पाहा. २०२१ साली मंडळ मोडून कंपन्या होणार असे ठरले, कामगार संघटनांनी विरोध केला, तेव्हा सरकारने संपावर बंदी घालणारा कायदाच करून घेतला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात स्फोट झाला, छप्पर कोसळले आणि किमान आठ कामगार गेले. तो कारखाना म्युनिशन्स इंडियाचा. माल बाहेर गेला की त्याचा आकडा सरकारी पत्रकात अभिमानाने येतो. माल बनविताना गेलेला माणूस त्या पत्रकात कोठे येत नाही. दारूच्या खोलीत मृत्यूशी सलगी करणाऱ्या माणसास आपण कोणासाठी मरणाचे भांडे भरतो, एवढे विचारण्याचा हक्क नसावा? चौकशीने कारखाना बंद पडत नाही. स्वीडनात खटला झाला, तरी तोफा ओतणे थांबले नाही.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. आपला अंगठा ज्या कागदावर उठला त्यात काय लिहिले आहे हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि कागद दाखवा म्हटले तर कोणी दाखवीत नव्हते. त्या दंग्यानंतर १८७९ सालचा कायदा आला आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद झाली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' त्यानंतर थोड्याच वर्षांनी लिहिला. त्यातही गाऱ्हाणे हेच होते की, वरचा साहेब न पाहता सही करतो आणि खालचा लेखणीवाला त्या सहीवर राज्य करतो. रोखे जाळण्याचे दिवस आता नाहीत, आणि ते यावेत अशी आमची इच्छाही नाही. कागद समोर लिहिला जावा, इतके मात्र मागता येते.

उपनगरांतून लोकसभेस जाणाऱ्या सभासदांत हे तीन आहेत: बोरिवलीकडचा उत्तर मुंबईचा, अंधेरीकडचा वायव्येचा, मुलुंड-घाटकोपरचा ईशान्येचा. ह्या तिघांस आमच्या वाचकांनी पत्र लिहावे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. परवाना देण्याचे काम कंपन्या चालविणाऱ्या विभागाकडून काढून वेगळ्या हाती का देऊ नये, हे त्यांनी सभागृहात विचारावे. गेल्या पाच वर्षांत परदेशी जाऊन किती मालाची पाहणी केली, किती परवाने नाकारले व किती रद्द केले, हा आकडा मागावा. देशवार यादी वर्षातून एकदा संसदेच्या टेबलावर का ठेवता येत नाही, आणि सर्वांपुढे ठेवावयाची नसेल तर निदान सर्व पक्षांच्या एका समितीपुढे का ठेवता येत नाही, ह्याचे उत्तर घ्यावे. भंडाऱ्याच्या स्फोटाचा चौकशी अहवाल मृतांच्या घरच्या माणसांच्या हाती, त्यांना वाचता येईल अशा भाषेत पडला काय, हेही विचारावे.

साधे कार्ड पुरे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्यासाठी त्यांच्या मुलांनी लिहावे व खाली वडिलांचे नाव घालावे. आमच्या कचेरीत कार्डे आणून दिल्यास ती एकत्र करून तिघांच्याही घरी नेऊन पोचविण्याची व्यवस्था आम्ही करू, आणि कोणी काय उत्तर दिले ते ह्याच जागी छापू. उत्तर न आल्यास तेही छापू.